विंडोजचं अपग्रेड आपल्या तारखेला: दुकानातल्या आणि घरातल्या कॉम्प्युटरसाठी पायरी-पायरीनं

रात्री कॉम्प्युटर बंद करताना पॉवरच्या बटणावर क्लिक करा आणि वर येणारी यादी एकदा नीट वाचा. एरवी तिथं 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' एवढंच असतं. काही दिवशी त्यांच्या जोडीला 'अपडेट अँड शट डाउन' आणि 'अपडेट अँड रीस्टार्ट' येऊन बसतात, बटणावर नारिंगी ठिपकाही दिसतो. आपण दिवसभर दमलेलो, शटर अर्धं खाली ओढलेलं, हात सवयीनं पडतो तो नेमका नको त्या ओळीवर.

माझं सोलापुरात पूर्व भागात डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, टॉवेल-चादरीची लेबलं, अधूनमधून वाढदिवसाचा फ्लेक्स. ऐन लग्नसराईत एका संध्याकाळी पडद्यावर नव्या विंडोजची जाहिरात आली. गिऱ्हाईक समोर उभं होतं, मी न वाचता निळं बटण दाबून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले मामा स्टुलावर बसून होते आणि पडद्यावर गोल फिरत 27 टक्के. चहा झाला, 41 टक्के. मामा म्हणाले, "काय मालक, पत्रिका देताय का लग्नानंतर अल्बमच देताय?" तासाभरानं मशिन उठलं. फाइल उघडली, तर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण आणि कंस यांची खिचडी. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे मशिनला लावायची परवान्याची किल्ली, नव्या विंडोजला ओळखूच येत नव्हता.

दोष माझाच. पण त्या आठवड्यात जे शिकलो ते कुणी आधी सांगितलं असतं तर दोन दिवस आणि एक गिऱ्हाईक वाचलं असतं. म्हणून हे लिहितोय. अपग्रेड करूच नका असं मी म्हणत नाही. कधी करायचं ते आपण ठरवायचं, पडद्यावरच्या बटणानं नाही, एवढंच.

आधी दोन शब्दांतला फरक

'अपडेट' म्हणजे आहे त्या घराची डागडुजी: सुरक्षेची ठिगळं, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडं बुधवारी दिसतात. 'अपग्रेड' म्हणजे घर बदलणं: टेनवरून इलेव्हनवर. या दोघांच्या मध्ये एक तिसरं असतं, 'फीचर अपडेट'. आवृत्ती तीच, पण आतला क्रमांक बदलतो, जसं 23एच2 वरून 24एच2. डागडुजी टाळायची नसते. घर बदलणं मात्र आपल्या सोयीनं. लोक वैतागतात आणि रागाच्या भरात दोन्ही बंद करून टाकतात, मग वर्षभरानं मशिनमध्ये भलतंच काहीतरी शिरतं.

वैताग नवा नाही. 2015 च्या 29 जुलैला विंडोज 10 आलं आणि सेव्हन व एट पॉइंट वन वाल्यांना वर्षभर फुकट मिळणार होतं. 2016 मध्ये त्या सूचनेच्या चौकटीवरची लाल फुली दाबली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं. जगभर बोंब झाल्यावर कंपनीला ती चौकट बदलावी लागली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंना, अपग्रेडनं धंद्याचा कॉम्प्युटर निकामी झाला म्हणून कोर्टानं दिलेले 10,000 डॉलर मायक्रोसॉफ्टनं अपील सोडून चुकते केले. आपण कोर्टात जाणार नाही. आपण तयारी करू.

हाताशी काय काय हवं

सुरू करण्याआधी हे एका जागी जमवा:

- विंडोजची आणि बाकी सॉफ्टवेअरची खरेदी-बिलं, सीरियल नंबर, सीडी, डोंगल
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड, त्याला जोडलेला मोबाइल (ओटीपी येतो)
- बाहेरची हार्ड डिस्क, तुमच्या सगळ्या डेटाच्या दुप्पट जागेची
- किमान 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह
- प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशिन, डिजिटल सहीचा टोकन यांचे ड्रायव्हर (ती वस्तू विंडोजला ओळखू यावी म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवून ठेवलेले
- चालू बॅटरीचा यूपीएस
- एक वही आणि पेन. हो, कागदाचीच. मशिन बंद पडल्यावर मशिनमधली यादी वाचता येत नाही.

पायरी 1: आपल्याकडं नेमकं काय आहे ते बघा

माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात जणांना आपल्या मशिनवर टेन आहे की इलेव्हन हेच माहीत नसतं. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं जोडून लिहा आणि एंटर. आवृत्ती आणि तिचा क्रमांक दोन्ही दिसतात. टेन असेल तर 22एच2 दिसायला हवं. टेनची ती शेवटची आवृत्ती. त्याहून जुना क्रमांक असेल तर आधी तिथपर्यंत या.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथं चार गोष्टी वहीत उतरवा:

प्रोसेसरचं नाव. इंटेलचं असेल तर आडव्या रेघेनंतरचा आकडा बघा. आय फाइव्ह-8250 म्हणजे आठवी पिढी, आय थ्री-4130 म्हणजे चौथी, आय फाइव्ह-10400 म्हणजे दहावी. इलेव्हनला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडीत रायझन 2000 पासून पुढं, थोडे अपवाद सोडून.

रॅम. इलेव्हनची कागदावरची अट 4 जीबी आहे. माझं ऐकाल तर 8 शिवाय हात लावू नका. 4 जीबीवर ते चालतं म्हणजे आपल्या सिटी बससारखं: येतं, पण कधी ते विचारू नका.

सिस्टिम टाइप. इथं 32 बिट लिहिलं असेल तर थांबा. इलेव्हन फक्त 64 बिटमध्येच येतं, आणि 32 बिटच्या टेनवरून थेट वर चढता येत नाही. डिस्क पुसून नव्यानं टाकावं लागतं. आपल्याकडं कित्येक डीटीपीवाल्यांनी जुन्या स्कॅनरसाठी किंवा डोंगलसाठी मुद्दाम 32 बिट ठेवलेलं असतं. त्यांनी सरळ पायरी 8 गाठावी.

शेवटी एडिशन, होम की प्रो. पायरी 4 मध्ये याचा फरक पडतो.

एवढं झाल्यावर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप टाकून बघा. ते हो किंवा नाही सांगतं, नाही तर का नाही तेही.

पायरी 2: हे मशिन कशाच्या जिवावर चालतं ते लिहून काढा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळे नेमकी हीच गाळतात. मीही गाळली होती.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: वस्तू, तिचा ड्रायव्हर किंवा सीडी कुठं आहे, आणि नव्या विंडोजवर चालते का. मग सकाळी शटर उघडल्यापासून रात्रीपर्यंत ज्या ज्या गोष्टीला हात लागतो ती लिहीत जा. एका दिवसात होत नाही, आठवडा लागतो. माझ्या यादीत पहिल्या दिवशी सहा गोष्टी होत्या, आठव्या दिवशी एकोणीस. बटर पेपरवर प्रिंट काढायचा जुना लेझर प्रिंटर महिन्यातून दोनदाच लागतो, तो सातव्या दिवशी आठवला.

आपल्याकडं हमखास अडणाऱ्या गोष्टी या:

जुने मराठी फॉन्ट आणि त्यांचा डोंगल. युनिकोड म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवायची आजची पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टमध्ये मजकूर खरा इंग्रजी अक्षरांतच साठवलेला असतो, फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो, ती खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. घाबरून सेव्ह करू नका, नुसती बंद करा. आमच्या भागात एकाच पत्रिकेवर मराठी, तेलुगू आणि कधी कन्नडही असतं, म्हणजे तीन मुखवटे.

पेजमेकरसारखी, पानं मांडायची पण कंपनीनं कधीच सोडून दिलेली सॉफ्टवेअर. ती नव्या विंडोजवर चालली तर नशीब, नाही चालली तर दाद मागायला कुणी नाही.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि कारखान्याचं चलन अजून कार्बन लावून याच्यावरच निघतं. रुंद जुनं पोर्ट असेल तर आधी चौकशी करा. यूएसबीची वायर लावून चालेल असं दुकानदार सांगतो, तिथंच प्रिंट काढून दाखव म्हणा.

डिजिटल सहीचा टोकन आणि अंगठ्याचं मशिन. जीएसटी भरणाऱ्यांनी आणि सेवा केंद्रवाल्यांनी याला पहिला नंबर द्यावा.

हिशेबाचं सॉफ्टवेअर. ते स्वतः बहुधा चालतं. त्याचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे मात्र मालकाला माहीत नसतं, अकाउंटंटला माहीत असतं, आणि तो नेमका गावाला गेलेला असतो.

तिसरा रकाना भरायला प्रत्येक कंपनीला फोन करा. 'चालायला पाहिजे' हे उत्तर 'नाही' असं लिहायचं. 'चालतं, आम्ही लावून दिलंय' हेच फक्त 'हो'.

पायरी 3: नक्कल

दोन नकला काढायच्या. एक डेटाची, एक अख्ख्या मशिनची.

डेटाची म्हणजे कामाच्या फाइली, हिशेबाचं फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड, आणि फॉन्ट. फॉन्ट लोक विसरतात. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं, ते आख्खं उचलून बाहेरच्या डिस्कवर टाका. डेस्कटॉपवर साठवायची खोड असेल तर तेही घ्या. आपल्याकडं डेस्कटॉप म्हणजे माळाच असतो, 'नवीन', 'नवीन फायनल', 'फायनल शेवटचं' अशी गाठोडी.

अख्ख्या मशिनची नक्कल टेनमध्येच काढता येते: कंट्रोल पॅनल, 'बॅकअप अँड रीस्टोअर (विंडोज 7)', मग डावीकडं 'क्रिएट अ सिस्टिम इमेज'. नावात सेव्हन बघून गोंधळू नका, टेनवर ते चालतं. रात्रभर लागू शकतं. ही नक्कल असली की नवं विंडोज पसंत न पडल्यास सगळं होतं तसं परत येतं, डोंगलसकट. बाहेरची डिस्क काढून घरी न्या. मशिनलाच लावून ठेवलेली नक्कल म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच.

लॅपटॉपवाल्यांनी इथंच आणखी एक काम उरकावं. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' शोधा, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप. चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की असते, मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन केलं की सापडते. ती वहीत उतरवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की मशिन हीच की मागतं, आणि नसेल तर तुमचा डेटा तुम्हालाच मिळत नाही. कॉलेजच्या पोरांचे असे लॅपटॉप माझ्याकडं येतात. खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय विचारलं की म्हणतात, "ते दुकानदारानंच उघडून दिलं." मग हात जोडायचे, दुसरं काय.

पायरी 4: लगाम घाला

आता मशिन आपल्या परवानगीशिवाय हलणार नाही असं करू.

टेनमध्ये सेटिंग्ज, 'अपडेट अँड सिक्युरिटी', विंडोज अपडेट. तिथं 'पॉज' आहे: एका क्लिकला सात दिवस, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जास्तीत जास्त 35 दिवस. इलेव्हनमध्ये हेच पाच आठवड्यांपर्यंत. मुदत संपली की साचलेली अपडेट टाकल्याशिवाय पुन्हा पॉज देत नाही. म्हणून लग्नाचे मुहूर्त सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सगळी अपडेट टाकून घ्यायची आणि लगेच पॉज करायचं. डिसेंबरात कॅलेंडरं, जानेवारीत गड्ड्याची यात्रा, एप्रिल-मेमध्ये लग्नं. मी पंचांग बघून पॉज करतो, हसू नका. जीएसटीवाल्यांनी 11 आणि 20 तारीख सांभाळावी.

'ॲक्टिव्ह अवर्स' म्हणजे या वेळात आपोआप रीस्टार्ट करू नकोस असं सांगणं. जास्तीत जास्त 18 तास देता येतात. सकाळी 7 ते रात्री 1 लावून टाका.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असाल तर त्या कनेक्शनला 'मीटर्ड' करा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्याच वायफायच्या नावावर क्लिक केलं की खूण दिसते. मग मोठी अपडेट आपसूक उतरत नाहीत, दिवसाचा डेटाही वाचतो.

अपडेटच्या पानावर 'अपग्रेड टू विंडोज 11 इज रेडी' अशी पाटी असेल तर तिच्याखाली दोन गोष्टी असतात: ठळक बटण 'डाउनलोड अँड इन्स्टॉल', आणि शेजारी साध्या अक्षरांत 'स्टे ऑन विंडोज 10 फॉर नाऊ'. तुम्हाला दुसरी हवी. कधी हाच प्रकार अख्खा पडदा व्यापून येतो. तेव्हा घाई करायची नाही, चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचायची. नकार नेहमी बारीक अक्षरातच असतो.

प्रो एडिशन असेल तर पक्का लगामही आहे. विंडोज बटण आणि आर, मग जी, पी, ई, डी, आय, टी, टिंब, एम, एस, सी. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट, आणि त्यात 'विंडोज अपडेट फॉर बिझनेस'. तिथं 'सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' उघडून 'एनेबल्ड' करा, वरच्या रकान्यात विंडोज 10, खालच्या रकान्यात 22एच2. मशिन टेनवरच थांबतं आणि ठिगळं तेवढी घेतं (टेनला ती आता कशी मिळतात ते पायरी 5 मध्ये). होममध्ये हा पडदाच नाही. म्हणून कुठल्याशा व्हिडिओत बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या पोटातल्या सेटिंगमध्ये, उलथापालथ करू नका. होमवाल्यांना पॉज, मीटर्ड आणि डोळे उघडे ठेवणं एवढं पुरतं.

आणि एक सापळा. 'अपडेट कायमचं बंद करून देतो, पाचशे रुपये' असं सांगणारा प्रत्येक बाजारपेठेत एक तरी असतो. तो अपडेटची सर्व्हिसच मारून टाकतो, जोडीला चोरीचं ॲक्टिव्हेशन टाकतो, आणि ते चालावं म्हणून अँटिव्हायरसही बंद करतो. ओळखीच्या एका कारखानदाराच्या ऑफिसात असंच केलेलं मशिन मी उघडलं. दोन वर्षांत एकही ठिगळ नव्हतं, आणि त्याच मशिनवरून बँकेचे व्यवहार चालू होते.

पायरी 5: टेनवरच राहायचं असेल तर

विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशिन त्या दिवशी बंद पडलं नाही, पडणारही नाही. नवी ठिगळं तेवढी थांबली. घरगुती वापरासाठी कंपनीनं एक वर्षाची जादा मुदत दिली, तिला 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' म्हणतात, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. मिळवायच्या वाटा तीन: सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्या तर फुकट, किंवा त्यांचे 1000 रिवॉर्ड पॉइंट, किंवा 30 डॉलर. आवृत्ती 22एच2 हवी, लॉगिन ॲडमिनचं हवं, आणि तिन्ही वाटांना मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' अशी ओळ दिसते, तिथून पुढं पाच मिनिटांचं काम. एकाच खात्यावर दहा मशिनं बसतात.

फुकटच्या वाटेत एक खड्डा आहे. सिंक चालू करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरंही वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या कपाटात, चढवू का असं विचारलं जातं, खुणा आधीच केलेल्या असतात. वनड्राइव्हवर फुकट जागा 5 जीबी. एका लग्नाचे फोटो त्याहून जास्त भरतात. मग 'जागा संपली, पैसे भरा' सुरू होतं. फोल्डरांच्या खुणा काढून टाका, नुसत्या सेटिंग्जचा सिंक पुरतो.

ही मुदत म्हणजे औषध नव्हे, उसंत आहे. या काळात पायरी 2 च्या यादीतला एकेक 'नाही' मिटवायचा.

पायरी 6: इलेव्हनवर जायचं असेल तर

मशिन बसत असेल तर जा. मी शेवटी एका मशिनवर गेलोच, वर्षभर कुरकुर नाही.

शनिवारी संध्याकाळी सुरू करा, म्हणजे रविवार हाताशी राहतो. यूएसबीला कीबोर्ड-माउस सोडून काही नको, डोंगलही काढा. सी ड्राइव्हवर चाळीसेक जीबी मोकळी करा. यूपीएस चार्ज आहे ना बघा. मे महिन्यात दुपारी इथं पारा 42-44 ला असतो आणि लाइट कधी जाईल नेम नाही, तेव्हा उन्हाळ्यात दिवसा हे काम नकोच. अर्ध्यात लाइट गेली तर विंडोज बहुतेक वेळा आपण होऊन मागं फिरतं, पण 'बहुतेक वेळा'वर मी पत्रिका ठेवत नाही.

इलेव्हनला टीपीएम नावाची सुरक्षेची चिप लागते. हेल्थ चेक 'टीपीएम 2.0 नाही' म्हणत असेल आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल, तर चिप बहुधा आहे, नुसती झोपवलेली आहे. बायोसमध्ये जाऊन इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावानं ती जागी करता येते. त्याच बायोसमध्ये मशिन सुरू होण्याची पद्धत जुन्या 'लेगसी'ची नवी 'यूईएफआय' करायचा मोह होईल. थांबा. डिस्क जुन्या पद्धतीनं आखलेली असेल तर नुसता तेवढा बदल केल्यावर मशिन चालूच होत नाही. झालंच तसं तर घाम पुसा, परत लेगसी करा, ते उठेल. डिस्कची आखणी बदलून घेणं माहितगाराकडून, नक्कल काढल्यावरच.

अपग्रेड चालू असताना टक्केवारी एका आकड्यावर अर्धा-अर्धा तास अडते. बटण दाबून बंद करू नका. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

उठल्यावर पहिलं काम: वहीतली यादी घेऊन एकेक वस्तू लावायची, एकेक प्रिंट काढायची. ब्राउझर उघडून 'छान दिसतंय' म्हणायचं नाही.

इलेव्हनवर गेलात म्हणजे सुटलात असंही नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला 24 महिने असतात, 24एच2 चे 13 ऑक्टोबर 2026 ला संपतात. मुदत जवळ आली की पुढची आवृत्ती आपोआप येऊ लागते. म्हणजे पायरी 4 चा लगाम तिथंही लागतोच.

पायरी 7: परतीची वाट, दहा दिवसांची

नवं पटलं नाही तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. दहा दिवस मिळतात. जुनं विंडोज तोवर सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात झोपलेलं असतं.

माझी खरी चूक इथं झाली. डोंगल चालेना, तिसऱ्या दिवशी डिस्कही भरत आली, म्हणून डिस्क क्लीनअप लावलं. यादीत 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' समोर वीसेक जीबीचा आकडा दिसला. वीस जीबीचा कचरा म्हणून हौसेनं खूण केली. दहा मिनिटांनी गो बॅक करायला गेलो तर बटण राखाडी. परतीचा पूल मीच पाडला होता. पुढं दोन दिवस फॉरमॅट, ड्रायव्हर, फॉन्ट. मामांनी पत्रिका दुसरीकडून छापून घेतली, आणि लग्नाला बोलवायला मात्र विसरले नाहीत.

तर दहा दिवस कसलंही क्लीनअप नाही. नवव्या दिवशीची तारीख वहीत लाल शाईनं लिहा. निर्णय त्या दिवशी.

पायरी 8: मशिन बसतच नसेल तर

इथं लोक लगेच विचारतात, "पेनड्राइव्ह बनवून टीपीएमची अट उडवता येते म्हणे?" येते. रूफस नावाच्या साधनानं बनवतात. पण अशा मशिनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, फीचर अपडेट दर वेळी हातानं टाकावं लागतं, आणि कोअर टू ड्युओसारखे फार जुने प्रोसेसर 24एच2 वर चालूच होत नाहीत. घरी पोराला प्रयोग करू द्या. गल्ल्यावरच्या मशिनवर नको.

मशिनचा उपयोग ब्राउझर, मेल, यूट्यूब एवढाच असेल तर विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट बघा. पेनड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येतं, डिस्कला धक्का लागत नाही. युनिकोड मराठी उत्तम उमटतं. माझ्या सासऱ्यांच्या चौथ्या पिढीच्या मशिनवर तेच आहे आणि आपण विंडोज सोडलंय हे त्यांना अजून कळलेलं नाही. डोंगलचे फॉन्ट, पेजमेकर, सहीचा टोकन असलं काही असेल तर मात्र तिकडं फिरकू नका.

आणि डीटीपीवाल्यांसाठी, जी वाट मी धरली ती: मशिनं दोन. नवं इलेव्हनवर, त्यावर नेट, मेल, व्हॉट्सॲप, युनिकोडची कामं. जुनं 32 बिटचं टेन, डोंगल आणि तिन्ही लिप्यांच्या फॉन्टसकट, नेटशिवाय. नेटच नाही म्हटल्यावर अपग्रेडची पाटीही नाही आणि बाहेरून शिरायला दारही नाही. फाइली पेनड्राइव्हनं. त्या कामाला एकच पेनड्राइव्ह ठेवा, गिऱ्हाइकाचा कधीच लावू नका. त्यांचा पेनड्राइव्ह आधी नव्या मशिनला लावायचा, तिथं तपासायचा, मग फाइल आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन जुन्या मशिनकडं. जुन्या मशिनवरून तयार पीडीएफ काढली की फॉन्ट तिच्यात बसून येतात, प्रेसवाल्याकडं खिचडी दिसत नाही.

जुन्या मशिनच्या नेटच्या वायरीचं भोक मी चिकटपट्टीनं बंद केलंय आणि वर मार्करनं 'नेट लावू नये' लिहिलंय. भाच्यानं एकदा गाणी उतरवायला पट्टी काढली होती, तेव्हापासून वायरच घरी असते.